‘कोण’ विचारण्याआधी ‘कुठे’ आणि ‘केव्हा’: शाळेतल्या वर्तनाच्या नोंदी वाचून निर्णय कसे घ्यावेत

शनिवारची सकाळची शाळा सुटते, मुलं घरी जातात आणि शिक्षक खोलीत बैठक बसते. विषय ‘शिस्त’. कोणीतरी म्हणतं, "सहावी ब पार हाताबाहेर गेलीय." दुसरं म्हणतं, "घरूनच वळण नाही, आपण किती बोलणार?" मग दोन-तीन मुलांची नावं येतात. ती सगळ्यांना पाठ असतात. तासाभराने ठरतं ते इतकंच, की त्या मुलांच्या पालकांना बोलवायचं आणि सोमवारी परिपाठाला कडक सूचना द्यायची. पुढच्या महिन्यात पुन्हा तीच बैठक, तीच नावं, तीच सूचना.

मी अशा बैठकांना कितीतरी वर्षं बसले आहे. तिथे कोणी खोटं बोलत नसतं. आपल्या तासाला जे दिसलं, जे मनाला लागलं, तेच जो तो सांगत असतो. पण कालपरवा घडलेली, चीड आणणारी घटना आठवणीत मोठी होऊन बसते आणि रोज थोडं थोडं घडणारं कोणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून नोंदी हव्यात, आणि त्या सगळ्यांनी मिळून वाचायला हव्यात. ज्यांच्या शाळेत हे काम आता कुठे सुरू होतंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुम्ही वर्गशिक्षक असा, पर्यवेक्षक असा किंवा नव्याने मुख्याध्यापक झालेले असा, महिन्याभरात यातलं बरंचसं सुरू करता येईल.

पद्धत माझी नाही. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी मुलांना ऑफिसात पाठवताना लिहिल्या जाणाऱ्या चिठ्ठ्या एकत्र करून त्यांतून शाळेला उपयोगी पडेल असं चित्र काढायची रीत बसवली, आणि तिथल्या हजारो शाळा ती वापरतात. त्या रीतीचा गाभा म्हणजे पाच साधे प्रश्न. संगणक प्रणाली विकत घेतली नाही तरी ते प्रश्न कुठल्याही शाळेला विचारता येतात.

आपल्याकडे याची गरज आणखी एका कारणाने आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आणली. छडी गेली, हे चांगलंच झालं. पण तिच्या जागी काय करायचं हे बहुतेक शाळांना कोणी बसून शिकवलं नाही. मग उरतात ओरडा, वर्गाबाहेर उभं करणं आणि पालकांना चिठ्ठी. नोंदी नीट वाचल्या की त्यापलीकडच्या बऱ्याच गोष्टी हातात येतात.

आधी शब्द ठरवा

वही आणण्याआधी सगळ्या शिक्षकांनी एकदा एकत्र बसायचं आणि कोणत्या वर्तनाला काय म्हणायचं ते ठरवायचं. नवीन शाळा ही पायरी टाळतात आणि सहा महिन्यांनी नोंदींचा काहीच उपयोग होत नाही म्हणून कंटाळतात. एकाची ‘मस्ती’ म्हणजे बाकावर ताल धरणं आणि दुसऱ्याची ‘मस्ती’ म्हणजे दप्तर खिडकीतून फेकणं, असं असेल तर महिनाअखेरच्या ‘मस्ती : १७’ या आकड्यातून काय कळणार?

कसोटी सोपी आहे. जे डोळ्यांना दिसलं किंवा कानांना ऐकू आलं तेवढंच लिहायचं. ‘उद्धट आहे’ ही नोंद होत नाही, ते आपलं मत झालं. ‘वही काढ म्हटल्यावर "नाही काढत" म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून बसला’ ही नोंद झाली. प्रकार सात-आठच्या वर नकोत. धक्काबुक्की किंवा मारणं, शिवी देणं, चिडवणं, सांगितलेलं न करणं, तास चालू असताना व्यत्यय, वस्तूंची नासधूस, तास बुडवणं, आणि एक ‘इतर’. महिनाभरात ‘इतर’ खूप भरलं तर आपले प्रकार चुकलेत असं समजा.

दुसरी सीमारेषा म्हणजे वर्गातच मिटवायचं काय आणि चिठ्ठी लिहायची कशावर. पेन्सिल हरवल्याची भांडणं, शेजारच्याशी कुजबुज, उशिरा वही काढणं यांवर चिठ्ठ्या लिहीत बसलात तर शिकवणं बाजूला राहील. पाच-सहा खरे प्रसंग कागदावर लिहा, सगळ्यांना वाटा आणि प्रत्येकाला वेगवेगळं लिहायला सांगा : चिठ्ठी हवी की नको, आणि हवी तर प्रकार कोणता? पहिल्या खेपेला उत्तरं अजिबात जुळत नाहीत. त्यावर जो वाद होतो तेच खरं प्रशिक्षण. तो होऊ द्या.

आणि एक गोष्ट या वहीत कधीही थांबवून ठेवायची नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते पुढच्या बैठकीची वाट बघत नाही. मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं, घरी मार बसल्याच्या खुणा दिसल्या, तर त्याच दिवशी, त्याच तासाला मुख्याध्यापकांकडे जायचं. बालकांसाठीचा १०९८ हा क्रमांक शिक्षक खोलीत मोठ्या अक्षरांत लावलेला असावा. आपली वही रोजच्या वर्तनासाठी आहे.

एका मिनिटात लिहून होईल अशी चिठ्ठी

शिक्षकाकडे दोन तासांच्या मध्ये जेमतेम एक मिनिट असतं. त्यात बसेल तेवढंच विचारा. तारीख, वेळ किंवा कितवा तास, जागा, वर्तनाचा प्रकार, मुलाचं नाव आणि इयत्ता, सोबत कोण होतं, लगेच काय केलं. त्याखाली दोन ओळी, आणि त्या दोन ओळींतच सगळा जीव आहे : आधी काय घडलं होतं, आणि या वर्तनामुळे मुलाला काय मिळालं किंवा काय टळलं.

एक चिठ्ठी अशी दिसते :

‘बुधवार. मधली सुट्टी, घंटेआधी पाच मिनिटं. पाण्याचे नळ. धक्काबुक्की. सहावी ब, दोन मुलं. आधी : ताट धुवायला रांग, मागून रेटा आला. मिळालं : नळ आधी मिळाला. केलं : दोघांना वेगळं केलं, रांग पुन्हा लावली.’

तीसेक शब्द झाले. यात मुलाबद्दल शेरा नाही, घरचा उद्धार नाही. शिपाईकाका किंवा खिचडी करणाऱ्या ताईंनी काही पाहिलं असेल तर त्यांच्या तोंडून ऐकून वर्गशिक्षकाने चिठ्ठी भरावी. शौचालयामागे आणि जिन्याखाली काय चालतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

चिठ्ठ्या एका डब्यात पडाव्यात आणि आठवड्यातून दोनदा एकाच व्यक्तीने त्या एक्सेलमध्ये किंवा आखलेल्या रजिस्टरमध्ये चढवाव्यात. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाचं नाव आणि प्रताप टाकायची सवय असेल तर ती आजच बंद करा. तिथून ते पालकांच्या ग्रुपवर जायला दोन मिनिटं लागतात. त्या मुलाला मग गावभर तोंड लपवून फिरावं लागतं.

टीम छोटी ठेवा

शाळेत आधीच समित्यांची कमी नाही. नवी नेमण्यापेक्षा या नोंदी वाचायला पाच-सहा जण ठरवा : मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक, पाचवी ते सातवीकडचे एक, आठवी ते दहावीकडचे एक, क्रीडाशिक्षक (मैदान त्यांचं), एखादी शिक्षिका जिच्याशी मुली मोकळेपणाने बोलतात, आणि शक्य असेल तर शिपाईकाका. निर्णय घेण्याचा अधिकार असलेली व्यक्ती बैठकीत नसेल तर बैठक घेऊ नका. ‘साहेबांना विचारून सांगतो’ इथेच अर्धे निर्णय अडकून पडतात.

कामं वाटून घ्या. एकाने बैठकीआधी आकडे काढून एका पानावर आणायचे, एकाने निर्णय लिहायचे, एकाने वेळ सांभाळायचा. महिन्यातून दोनदा, चाळीस मिनिटं. वर्षाच्या तारखा जूनमध्येच ठरवून सूचना फलकावर लावा. आकडे बैठकीत बसून काढायचे नाहीत, हा नियम फार महत्त्वाचा; नाहीतर पस्तीस मिनिटं चिठ्ठ्या मोजण्यात जातात आणि उरलेल्या पाचांत घाईघाईने ‘लक्ष ठेवू’ असं ठरतं.

ते पाच प्रश्न

रोज सरासरी किती? कोणतं वर्तन? कुठे? केव्हा? आणि शेवटी, कोण? हा क्रम मी मुद्दाम सांगते आहे. आपल्या बैठका नेहमी शेवटच्या प्रश्नापासून सुरू होतात आणि तिथेच संपतात.

पहिल्या प्रश्नात ‘रोज सरासरी’ का, ते बघू. समजण्यासाठी एक कल्पित शाळा घेऊ, पाचवी ते दहावी, चौदा तुकड्या. जूनमध्ये शाळा १३ दिवस भरली, नोंदी १३. जुलैमध्ये २६ दिवस, नोंदी ५२. ऑगस्टमध्ये सण-सुट्ट्यांमुळे २० दिवस, नोंदी ५०. नुसती बेरीज पाहिली तर जुलैपेक्षा ऑगस्ट बरा गेला असं वाटेल, दोन नोंदी कमीच आहेत. भागाकार करा : जूनमध्ये रोज १, जुलैमध्ये २, ऑगस्टमध्ये अडीच. म्हणजे त्रास वाढतो आहे. गणेशोत्सव, दिवाळी, परीक्षा यांमुळे आपले महिने इतके कमीजास्त भरतात की भरलेल्या दिवसांनी भागल्याशिवाय दोन महिन्यांची तुलना करूच नये. शनिवार अर्धा धरायचा की पूर्ण, हे एकदा ठरवा आणि वर्षभर तेच पाळा.

आता जागा बघू. जुलै-ऑगस्टच्या १०२ नोंदींपैकी वर्गात ४०, पाण्याच्या नळांजवळ ३१, मैदानावर १४, जिन्यात १२, इतरत्र ५. पहिली नजर वर्गाच्या आकड्यावर जाते, कारण तो सगळ्यांत मोठा आहे. थोडं थांबा. वर्ग चौदा आहेत आणि मुलं तिथे दिवसाचे पाच-सहा तास असतात. नळ मात्र एकाच ठिकाणी आहेत आणि मुलं तिथे जातात फक्त सुट्टीत. एवढ्याशा जागेत, एवढ्याशा वेळात ३१ नोंदी. मोठा आकडा आणि दाट आकडा यांतला फरक एकदा लक्षात आला की नोंदी वाचणाऱ्याची नजरच बदलते.

मग या ३१ नोंदींची वेळ बघा. जागा आणि वेळ एकत्र मांडा : उभ्या रकान्यांत जागा, आडव्या ओळींत तास आणि सुट्ट्या, प्रत्येक घरात आकडा. कागद-पेन्सिलीने दहा मिनिटांचं काम आहे. समजा यात दिसलं की या सगळ्या नोंदी मधल्या सुट्टीच्या शेवटच्या दहा मिनिटांतल्या आहेत. आता ‘कोण’ विचारायला हरकत नाही, पण नावं विचारायची नाहीत, संख्या विचारायची : या ३१ नोंदींत वेगवेगळी मुलं किती? तीनच मुलं पुन्हा पुन्हा येत असतील तर प्रश्न त्या तिघांचा आहे. एकोणीस मुलं असतील तर प्रश्न नळांचा आहे. इतकी वेगवेगळी मुलं एकाच ठिकाणी, एकाच वेळी भांडतात, तेव्हा तिथली व्यवस्थाच त्यांना भांडायला लावत असते.

एक सावधगिरी. नोंदी अगदी थोड्या असतील तर टक्केवारी काढू नका. चारपैकी तीन म्हणजे ‘७५ टक्के’ असं कोणी फळ्यावर लिहिलं की सगळे गंभीर होतात, पण ती तीनच भांडणं असतात.

नेमकं वाक्य लिहिल्याशिवाय उपायाकडे जायचं नाही

‘सहावीत शिस्त नाही’ या वाक्यावर उपाय सुचवून पाहा. सुचणारच नाही; सुचलाच तर सूचना किंवा शिक्षा सुचेल. आता हे वाक्य बघा :

‘जुलै-ऑगस्टच्या ४६ दिवसांत, मधल्या सुट्टीच्या शेवटच्या दहा मिनिटांत, पाण्याच्या नळांजवळ पाचवी-सहावीच्या १९ मुलांत धक्काबुक्कीच्या ३१ घटना झाल्या, बहुतेक वेळा ताट धुवायला पुढे जाण्यासाठी.’

काय, कुठे, केव्हा, कोण, किती, कशासाठी, सगळं एका वाक्यात आलं. हे वाक्य मोठ्याने वाचलं की बैठकीतला सूरच पालटतो. कोणीतरी म्हणतं, "अहो, आठ नळांपैकी चारांना तर पाणीच येत नाही." दुसरं म्हणतं, "आणि खिचडी उशिरा आली की सगळी पंगत एकदम उठते." ही माहिती त्यांच्याकडे पहिल्यापासून होती. तसा प्रश्नच आजवर कोणी विचारला नव्हता.

यानंतर एक काम कुठल्याही तक्त्याने होत नाही. दोघांनी तीन दिवस त्या वेळी तिथे जाऊन नुसतं उभं राहायचं. ओरडायचं नाही, शिट्टी वाजवायची नाही, फक्त बघायचं. ओल्या फरशीवर लहान मुलं घसरतात का, मोठ्या मुली ताटं घेऊन लांब का थांबतात, घंटेच्या किती आधी गर्दी सुरू होते. नोंदवही जागा सांगते, कारण मात्र त्या जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

मग उपाय. या उदाहरणात चार उपाय पुरतील. बंद नळ दुरुस्त करून घेणं. त्यासाठी विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे न्यावा लागेल, आणि तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यांना ४६ दिवसांत ३१ भांडणं हा आकडा लगेच समजतो. पाचवी-सहावीची पंगत सातवी-आठवीच्या पाच मिनिटं आधी उठवणं. घंटेआधीची दहा मिनिटं एका शिक्षकाने नळांजवळ थांबणं. आणि मुलांना रांग शिकवणं : परिपाठाला भाषण देऊन नाही, तर प्रत्येक तुकडीला एकदा नळांजवळ नेऊन, रिकामी ताटं हातात देऊन. रांग कुठून सुरू होते, पुढच्याच्या किती मागे उभं राहायचं, ताट झटकायचं कुठे. मुलांना हे येतच असेल असं आपण धरून चालतो. पण घरी एका नळावर वीसजण नसतात, त्यांनी ते शिकायचं कुठे?

प्रत्येक उपायापुढे नाव आणि तारीख लिहा. ‘शिक्षकांनी लक्ष द्यावे’ याला निर्णय म्हणत नाहीत. ‘सोमवार-मंगळवार-बुधवार क्रीडाशिक्षक, बाकी तीन दिवस वर्गशिक्षक सहावी ब, १ तारखेपासून’ याला म्हणतात. आणि किती फरक पडायला हवा तेही आत्ताच लिहून ठेवा. ४६ दिवसांत ३१ म्हणजे आठवड्याला साधारण चार. दिवाळीच्या सुट्टीआधी आठवड्याला एकावर आणायचं, असं.

पुढच्या बैठकीत आधी विचारायचं ते हे : ठरवलं ते आपण केलं का? पूर्ण, अर्धवट की नाही? नळ दुरुस्तच झाले नसतील आणि नोंदी कमी झाल्या नसतील तर उपाय फसला असं म्हणता येत नाही, तो अजून सुरूच झालेला नाही. हा प्रश्न न विचारल्यामुळे चांगले उपाय टाकून दिलेले मी पाहिलेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

जेव्हा एकाच मुलाचं नाव पुन्हा पुन्हा येतं

अमेरिकेतल्या शाळांनी ढोबळ अंदाज बांधलेला आहे : वर्षभरात साधारण ८० टक्के मुलांच्या नावावर शून्य किंवा एक नोंद असते, १५ टक्क्यांच्या नावावर दोन ते पाच, आणि ५ टक्क्यांच्या नावावर सहा किंवा जास्त. आपल्या शाळेत हे आकडे असेच यावेत असा आग्रह धरू नका. त्यातला विचार तेवढा घ्या. दुसरी-तिसरी नोंद झाली की मुलाकडे थोडं जवळून बघायचं, सहाव्या नोंदीची वाट बघायची नाही. आणि अर्ध्याअधिक शाळेच्या नावावर नोंदी असतील तर एकेका मुलाच्या मागे लागण्यात अर्थ नाही, शाळेच्या रोजच्या व्यवस्थेपासून सुरुवात करावी लागेल.

मी एका शाळेत असताना सातवीत एक मुलगा होता. तास चालू असताना आवाज काढायचा, पुढच्याची टोपी उडवायची, सर चिडले की हसायचं. आम्ही त्याला वर्गाबाहेर उभं करत होतो. दोन महिन्यांच्या चिठ्ठ्या एकाखाली एक मांडल्या तेव्हा दिसलं की गणिताला नोंद नाही, चित्रकलेला नाही, मैदानावर तर एकही नाही. सगळ्या नोंदी भाषेच्या तासांच्या होत्या, आणि ‘आधी काय घडलं’ या ओळीत तीन-चार वेगवेगळ्या शिक्षकांनी जवळजवळ एकच लिहिलं होतं : प्रकटवाचन सुरू होतं, त्याची पाळी जवळ आली होती. ‘काय टळलं’ या ओळीत मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘वर्गाबाहेर पाठवले, वाचन राहिले.’

त्याला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. सातवीपर्यंत त्याने ते लपवलं होतं, आणि वर्गाबाहेर काढून आम्हीच त्याला लपवायला मदत करत होतो. प्रत्येक वेळी बाहेर पाठवलं की त्याची सुटका व्हायची, म्हणून तो पुढच्या वेळी पुन्हा तेच करायचा. ती वही पुढ्यात घेऊन मी बराच वेळ तशीच बसले होते.

त्यानंतर त्याला उद्याचा उतारा आदल्या दिवशी देऊ लागलो, दोन-तीन ओळींचाच. आधी मित्राबरोबर जोडीने वाचायचा, मग एकट्याने. आणि शाळा भरण्याआधी वीस मिनिटं जोडाक्षरं. टोपी उडवणं हळूहळू थांबलं. एकदम नाही, मधे दोन आठवडे पुन्हा बिघडलं होतं.

म्हणून चिठ्ठीतल्या त्या दोन ओळी कधीही गाळू नका. मूल जे करतं त्यातून त्याला काहीतरी मिळतं, लक्ष, वस्तू, मित्रांचं हसू. किंवा त्याचं काहीतरी टळतं, अवघड काम, लाज, एखाद्याची सोबत. शिक्षेने तेच पदरात पडत असेल तर ती शिक्षा त्याच्यासाठी बक्षीसच ठरते. वाचन-लेखनाची अडचण खोल वाटली तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांशी बोला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य झालेल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे, हे पालकांना समजावून सांगायला उपयोगी पडतं. पालकांना बोलावलंत तर तक्रारींचा पाढा वाचू नका. "ताई, तो कोणत्या तासाला छान असतो हेही आम्ही लिहून ठेवलंय" असं म्हणून सुरुवात करून पाहा. आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसेल.

नोंद कोणाची होते हेही तपासा

नोंदवही निष्पक्ष नसते, ती माणसं लिहितात. अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये एक अहवाल दिला. २०१३-१४ या वर्षात तिथल्या सरकारी शाळांमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी साधारण १५.५ टक्के होते, पण शाळेतून काही दिवसांसाठी काढलेल्या मुलांत त्यांचं प्रमाण सुमारे ३९ टक्के होतं. आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं, वसतिगृहातली मुलं, एका ठरावीक वस्तीतून चालत येणारी मुलं, घरी वेगळी बोली बोलणारी मुलं. त्यांच्या साध्या बोलण्यातही ‘उलट उत्तर’ ऐकू येतं, आणि तेच वाक्य डॉक्टरांच्या मुलाने म्हटलं तर तो ‘स्मार्ट’ ठरतो.

चिठ्ठीवर जात लिहायची नाही, हे सांगायला नको. पण वर्षातून दोनदा टीमने प्रामाणिकपणे बघावं : वसतिगृहातली मुलं पटावर किती टक्के आणि नोंदींत किती टक्के? मुलगे-मुली? तुकड्या? मोठी तफावत दिसली तर ती कोणत्या प्रकारच्या नोंदींत आहे ते शोधा. मारामारी सगळ्यांना सारखीच दिसते. ‘सांगितलेलं न करणं’, ‘उलट बोलणं’ यांत बघणाऱ्याचं मन जास्त मिसळतं, तफावत बहुधा तिथेच सापडते. मग त्या प्रकारांची व्याख्या पुन्हा घट्ट करा.

शिक्षकांबद्दलही हेच. एका बाईंच्या चिठ्ठ्या चाळीस आणि दुसऱ्या सरांची एकही नाही, असं दिसलं तर त्यावरून कोणालाही बोल लावू नका. बाईंकडे कदाचित शेवटचा तास असेल, साठ मुलांचा, पत्र्याच्या खोलीत. सरांच्या वर्गात कदाचित सगळं आलबेल असेल, किंवा ते लिहीतच नसतील. ज्या दिवशी या आकड्यांवरून एखाद्या शिक्षकाला खडसावलं जाईल, त्या दिवसापासून डबा रिकामा राहील.

वही कोणाच्या हाती, किती दिवस

नावांसकट नोंदी फक्त टीमने आणि त्या मुलाच्या वर्गशिक्षकाने बघाव्यात. व्यवस्थापन समितीपुढे, पालक सभेत नेताना नावं काढून फक्त जागा, वेळ आणि संख्या न्यायच्या. कपाटाला कुलूप, फाइलला पासवर्ड. पालकाने आपल्या मुलाच्या नोंदी मागितल्या तर दाखवायच्या, आणि दुसऱ्या मुलांची नावं झाकून दाखवायच्या.

आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो. या वहीतलं काहीही त्या रकान्यात जाता कामा नये. सहावीत नळाजवळ दिलेला एक धक्का मुलाच्या मागे कॉलेजपर्यंत फिरत राहिला तर तुम्ही ही वही सुरू न केलेलीच बरी. वर्ष संपलं की नावं काढून टाका, आकडे ठेवा. पुढच्या वर्षी तुलनेला तेवढे पुरतात.

पहिल्या महिन्यात एवढंच करा

सगळी शाळा एकदम घेऊ नका. पहिल्या आठवड्यात शब्द ठरवा आणि प्रसंगांचा सराव करा. दुसऱ्या आठवड्यापासून फक्त वर्गाबाहेरच्या जागांच्या चिठ्ठ्या लिहा : नळ, जिना, मैदान, शौचालय, सायकल स्टँड. वर्गातल्या नोंदी एवढ्यात नकोत. आपल्या तासाबद्दल बोलायला शिक्षकांचा विश्वास बसावा लागतो, त्याला वेळ लागतो. चौथ्या आठवड्यात पहिली चाळीस मिनिटांची बैठक, एकच नेमकं वाक्य, एकच उपाय. जो उपाय मुख्याध्यापकांच्या सहीने त्याच दिवशी सुरू होऊ शकतो तो निवडा, जसं की एक घंटा पाच मिनिटं अलीकडे घेणं.

आणि महिन्याभराने जे निघालं ते मुलांनाही सांगा. "आम्ही मोजलं, नळांजवळ फार भांडणं होत होती, म्हणून पंगतीची वेळ बदलली, आता कमी झालीत" इतकंच, परिपाठाला, कोणाचंही नाव न घेता. बहुतेक वेळा त्याच दुपारी एखादं मूल शिक्षक खोलीच्या दाराशी येऊन सांगतं, "बाई, सायकल स्टँडजवळ पण बघा ना." त्याच्या हाती एक चिठ्ठी द्या आणि त्याच्याबरोबर सायकल स्टँडपर्यंत जा.